बेकार कोणाला म्हणायचे?

(तालुक्याच्या गावी झालेल्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या शिबिरातील भाषण)



या सत्राचा विषय 'बेकारी आणि सरकारी धोरण' असा ठेवला आहे. बेकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतो? पदवीची भेंडोळी घेऊन फिरणारा, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा, नाहीतर दिवसभर पारावर बसलेला तरुण. तो खरा आहे, त्याचे दुःखही खरे आहे. पण त्याच्याच घरात त्याची आई आहे, बहीण आहे, बायको आहे. त्यांना कोणी बेकार म्हणते का? त्या 'घरीच असतात'.

हे नुसते बोलण्यापुरते असते तर सोडून दिले असते. सरकारची मोजणीही याच भाषेत चालते. राष्ट्रीय नमुना पाहणीत माणूस काय करतो हे नोंदवायला सांकेतिक अंक असतात. काम नाही, पण शोधतो आहे किंवा करायला तयार आहे, त्याला ८१. तो बेकार. फक्त घरकाम करणारीला ९२. घरकाम करून शिवाय सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणारीला ९३. या ९२ आणि ९३ वाल्या दोघीही श्रमशक्तीच्या बाहेर, म्हणजे कामकरी नाहीत आणि बेकारही नाहीत! पाहणीवाला दारात आला की उत्तर बहुधा घरातला पुरुष नाहीतर सासू देते. सुनेला काम हवे आहे का, हे त्या उत्तरात कोठून येणार? २०११-१२ च्या पाहणीत अशा घरकाम करणाऱ्या स्त्रियांविषयी एक जादा प्रश्न होता: घरबसल्या काम मिळाले तर कराल का? ग्रामीण भागात सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे उत्तर 'हो' असे आले. तरीही बेकारीच्या आकड्यात त्या नाहीत.

आता अलीकडचे पाहू. २०१७-१८ मध्ये १५ वर्षे व त्यावरच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. स्त्रियांमधली बेकारी ५.६ टक्क्यांवरून ३.२ वर आली. वाचून आनंद व्हावा असेच आकडे आहेत. पण त्याच अहवालात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ३६.७ टक्के स्त्रिया 'घरच्या उद्योगातील मदतनीस' आहेत. म्हणजे नवऱ्याच्या शेतात खुरपणारी, सासऱ्याच्या दुकानात बसणारी, आणि मजुरी म्हणून हातात दमडी न पडणारी. तिचे श्रम मोजा ही स्त्री चळवळीची जुनीच मागणी, ते मोजले जातात हे चांगलेच. मात्र तिचे बिनमोल श्रम 'रोजगार' म्हणून मोजायचे आणि बेकारी घटली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची, याला मी राजकारण म्हणते.

बाईला काम हवे आहे की नाही हे कळण्याचा प्रामाणिक मार्ग एकच. काम काढून पाहायचे. आपल्या राज्यात ते घडलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला बायका हजारोंनी बाहेर पडल्या. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. तुमच्यापैकी कित्येकींच्या आया, आज्या त्यात असतील. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पसरली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून आणि तेवढीच भर सरकारने घालून पैसा उभा केला गेला. या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी की हमी 'कुटुंबाला' नव्हती. ग्रामीण भागातल्या अंगमेहनतीला तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती, आणि दिवसांची मर्यादा नव्हती. जिला मोजणी 'घरीच असते' म्हणत होती ती 'हमीवर' गेली. अनेक कामांवर निम्म्याच्या आसपास बायकाच दिसत.

सगळे छान होते असे नव्हे. मुकादम हजेरी नवऱ्याच्या नावावर लावायचा, पाळणाघर कागदावरच राही. १९८८ मध्ये मजुरीचे दर किमान वेतनाइतके वाढले, तर कामेच कमी निघू लागली. हक्क कायद्यात तसाच ठेवून हात आखडता घ्यायची ही पद्धत तेव्हापासून ओळखीची आहे.

पुढे २००५ चा केंद्राचा कायदा आला. देशभर गेला, निम्म्याहून अधिक दिवस स्त्रियांनी भरले, हे त्याचे श्रेय. पण हमी झाली कुटुंबाला, वर्षाला १०० दिवस. महाराष्ट्राने पुढचे दिवस स्वतःच्या खर्चाने देण्याची तरतूद ठेवली. जॉब कार्ड मात्र कुटुंबाचेच. घरात तीन प्रौढ असले तर शंभर दिवस कोणी वापरायचे हे कोण ठरवते, हे मी सांगायला नको. आणि टाकलेली बाई? कायद्याने ती वेगळे कुटुंब म्हणून कार्ड मागू शकत होती. कार्यालयात तिला सांगत, रेशनकार्ड दाखवा. ते सासरी. नाव कमी केल्याचा दाखलाही सासरकडूनच. परित्यक्तांच्या चळवळीने वेगळ्या रेशनकार्डाची मागणी लावून धरली होती, त्यामागे साखरेच्या कोट्याइतकाच हाही प्रश्न होता.

गावात काम नाही म्हणून जे ऊसतोडीला जातात, तिथेही हाच हिशेब. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल पुरुषाच्या हातात, फेड दोघांच्या अंगावर. मुकादमाचा कोयता आणि सरकारचे कुटुंब यांत मला फार अंतर दिसत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ केले, पण तेही कुटुंबालाच. बहुतेक राज्यांनी ४० टक्के खर्च उचलायचा. शिवाय पेरणी-काढणीच्या काळात वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवता येतील. मजुराला चार पैसे जास्त मागता येतात ते नेमके याच दिवसांत. तेव्हा दुसरे काम समोर नसले की बागाईतदार देईल त्या रोजावर जावे लागते. आणि सगळ्यात कमी रोज कोणाचा, हे आपल्याला माहीत आहे.

आता 'लाडक्या बहिणी'कडे येते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी महिना १५०० रुपये सुरू झाले. त्या पैशांना नाके मुरडणाऱ्यांतली मी नाही. गॅसची टाकी, मुलाची फी, दवाखाना, सगळे त्यातून निघाले. पण त्याच वेळी 'लाडका भाऊ' म्हणून गाजलेली योजनाही आली: कार्यप्रशिक्षण आणि बारावीला ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीधराला १०००० रुपये विद्यावेतन. योजना मुलींनाही खुली होती, पण लोकांनी तिचे नाव भावाच्या नावाने पाडले, यात काय ते आले. भाऊ बेकार म्हणून त्याला काम शिकवायचे, बहीण लाडकी म्हणून तिला ओवाळणी घालायची. ओवाळणीवर हक्क सांगता येत नाही. २०२५ मध्ये छाननी सुरू झाली, नावे गळली, आणि बायका एकमेकींना विचारत राहिल्या की माझे का थांबले.

कामाच्या हमीचे तसे नाही. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारभत्ता द्यावा लागतो. २००५ च्या कायद्यात पहिले तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा आणि पुढे निम्मा असा दर होता. सगळ्या कायद्यात 'तू बेकार आहेस, आणि ती सरकारची जबाबदारी आहे' असे बाईला लेखी कबूल करणारे एवढेच एक कलम. म्हणूनच की काय, भत्ता मिळाल्याची उदाहरणे फारच थोडी. त्याची खटपट तारखेपासून सुरू होते. 'काम निघाले की सांगू' म्हणून तोंडी परत पाठवतात, म्हणजे तारीख पडत नाही.

तर दुपारच्या सत्रात अर्ज लिहायचे आहेत. प्रत्येकीने स्वतःच्या नावाने, सहीने किंवा अंगठ्याने, आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठायचे नाही. 'तुमच्या मालकांनी अर्ज दिलाय की' असे सांगतील. त्यांचा त्यांनी दिला असेल, आपला वेगळा द्यायचा. ज्यांचे नाव कोणत्याच कार्डावर नाही त्यांनी जेवणाआधी माझ्याजवळ येऊन बसा, त्यांचे कागद आधी पाहू.