त्यात त्याच्या आईचा काय दोष?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. मी फुटबॉलच्या मैदानावरील शिव्यांविषयी बोलणार आहे असे कळवले, तेव्हा आपल्या चिटणीसबाईंनी माझ्याकडे जरा निरखूनच पाहिले. "अहो काकू, सणासुदीच्या दिवशी हा कसला विषय?" असे त्या म्हणाल्या. त्यांची शंका रास्त होती. तरी आपण निर्धास्त असा. माझ्या तोंडून येथे एकही शिवी निघणार नाही. मी काही वक्ती नव्हे. जे पाहिले आणि ज्याचा विचार केला, तेच आपल्यापुढे ठेवते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन फुटबॉलचा सामना पाहावयास गेले. मैदान कोणते, संघ कोणते, हे सांगत नाही. कारण तसे मैदान कोठेही सापडेल. सामना रंगात आला होता. एका बाजूने चेंडू जाळ्यात मारला आणि पंचांनी शिट्टी वाजवून तो गोल नाकारला. झाले! आमच्या आजूबाजूची माणसे उठून उभी राहिली आणि पंचांच्या आईचा, बहिणीचा उद्धार सुरू झाला. त्यांत कॉलेजातली पोरे होती, तसेच चांगले शिकलेसवरलेले, केस पिकलेले गृहस्थही होते. नातू थोडा वेळ ऐकत राहिला. मग माझा पदर ओढून म्हणाला, "आजी, चूक तर पंचकाकांची झाली ना? मग ते त्यांच्या आईला का बोलतात? ती तर इथे नाहीच."

भगिनींनो, मला त्या पोराला उत्तर देता आले नाही.

पुढची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपल्या वस्तीत आठवीतली एक मुलगी आहे. डाव्या बगलेवरून ती असा चेंडू पळवते की मुलगेही मागे पडतात. त्या रविवारी तीही सामना पाहावयास आली होती. दुसऱ्या दिवसापासून तिचे मैदान बंद झाले. मी तिच्या वडिलांना विचारले, "भाऊ, पोरीला का हो घरी बसवली?" ते म्हणाले, "काकू, तिथली भाषा तुम्ही ऐकलीत ना? मुलीच्या जातीने ऐकण्यासारखी आहे का ती?" मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी आमच्यापुढे दोनच रांगा सोडून ते उभे होते आणि त्यांचा आवाज मी चांगला ओळखते.

शिवी बापाने द्यावी आणि मैदान लेकीने सोडावे, असा हा न्याय आहे. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा गाभा एवढाच.

हा न्याय मला नवा नाही. माझे माहेर कोल्हापूरचे. त्या शहराला जसे कुस्तीचे वेड, तसेच फुटबॉलचे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावेच सांगतात की जेथे लाल माती, तेथेच चेंडूही रुजला. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघही तितक्याच जिवाभावाचे. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतल्या पेठा ओस पडत. ज्या मुलांच्या विश्वचषकात भारत प्रथमच खेळला, त्या २०१७ सालच्या सतरा वर्षांखालील स्पर्धेतील आपल्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच मुलगा होता. एवढे ते गाव फुटबॉलचे! परंतु समर्थकांच्या हुल्लडबाजीने सामन्यांत व्यत्यय आल्याच्या, पेठापेठांत वितुष्ट आल्याच्या आणि पोलिसांना मध्ये पडावे लागल्याच्या बातम्याही त्याच गावातून वरचेवर आल्या. भांडणाची सुरुवात कोठे होते? बहुधा शब्दापासूनच. आणि मी? त्या गावात जन्मून, वाढून मी लग्नापर्यंत एकही सामना पाहिला नाही. भाऊ जात, मी गच्चीवर उभी राहून लांबचा गलका ऐके आणि कोणाचा गोल झाला असेल याचा अंदाज बांधी. "बायकांनी जावे असे ते ठिकाण नव्हे," हे वडिलांचे वाक्य होते. पुढे माझ्या स्वतःच्या मुलीला मीही तेच वाक्य ऐकवले, हे मला आज कबूल केले पाहिजे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर बायकांना पुरुषांच्या फुटबॉल सामन्यांस जाण्याची जवळजवळ बंदीच झाली. तेथील अधिकारी जी कारणे देत, त्यांत एक असे की, पुरुष प्रेक्षकांची भाषा आणि वर्तन स्त्रियांच्या कानांस व डोळ्यांस योग्य नाही. जाफर पनाही या दिग्दर्शकाने २००६ साली 'ऑफसाइड' नावाचा चित्रपट काढला. त्यात मुली मुलांचा वेष घेऊन मैदानात शिरू पाहतात. अखेर १० ऑक्टोबर २०१९ रोजी तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये साडेतीन हजारांवर स्त्रियांनी तिकीट काढून इराण आणि कंबोडिया यांचा सामना पाहिला. इराणने चौदा गोल केले. शिवी पुरुषांची आणि बंदी स्त्रियांना, असे तेथे चाळीस वर्षे चालले होते. आमच्या वस्तीतल्या भाऊंनी तेच एका रात्रीत केले.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मी घरी हा विषय काढला तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "आई, मैदानावर शिवीला काही अर्थ नसतो. मित्र मित्राला प्रेमानेही शिवी देतो. आठवडाभर लोकलमध्ये चेंगरून, साहेबाची बोलणी खाऊन माणूस तिथे मोकळा होतो. तिथे काय कीर्तन करायचे?" यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मैदान म्हणजे देवघर नव्हे. तेथे आरडाओरडा हवा, चिडवाचिडवी हवी, हलगी हवी, प्रतिस्पर्ध्याची टर उडवणेही हवे. मुकाट्याने पाहिलेला सामना म्हणजे अळणी आमटी!

परंतु मी मुलाला दोन प्रश्न विचारले. शब्दाला अर्थच नसेल, तर त्याच शब्दावरून डोकी का फुटतात? आणि तो इतका निरर्थक असेल, तर तू तो माझ्यासमोर का उच्चारत नाहीस? यावर तो हसला आणि पाणी प्यावयास निघून गेला.

खेळाचे नियम पाहा. खेळाडूने मैदानात अपमानकारक किंवा शिवराळ भाषा वापरली तर पंच त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढू शकतात, आणि त्याच्या संघाला उरलेला वेळ एक गडी कमी घेऊन खेळावे लागते. चुन्याच्या रेषेच्या आत ज्या शब्दासाठी घामाने निथळणारा खेळाडू बाहेर जातो, तोच शब्द रेषेच्या बाहेर सावलीत बसून दाणे खाणाऱ्याने शंभरदा उच्चारला तरी चालतो! शिवाय पंच एकटा आणि बोलणारे हजार. त्याला उलट बोलता येत नाही. ज्याला उत्तर देण्याची मुभा नाही त्याला बोलणे यात मर्दुमकी ती कसली?

आपण बायका तरी कोठे धुतल्या तांदळासारख्या आहोत? सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवरून महिला डब्यात जे ऐकू येते, ते आपण सर्वजणी जाणतो. "मेल्या", "मुडद्या" हे तर आपण पोटच्या पोरालाही लाडाने म्हणतो. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण "वांझोटी", "पांढऱ्या पायाची", "अवदसा" हे शब्द? ते बायकांनीच बायकांच्या काळजात रुतवलेले काटे आहेत. तेव्हा पुरुषांना शहाणपण शिकवण्यापूर्वी आपला पदरही झाडून पाहावा.

आणि शिवीची परंपरा आपल्याकडे आहेच की! होळीला बोंब ठोकण्याची मुभा आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही ओढ्याच्या दोन काठांवरची दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर जमतात आणि हातवारे करून, वाजंत्रीच्या तालावर एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. थोड्या वेळाने बार संपतो आणि ज्या त्या आपल्या घरी जातात. मुलाचा 'मोकळे होण्याचा' मुद्दा मला तेथे पटतो. कारण तेथे दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, जागा ठरलेली. दोन्ही पक्ष राजीखुशीने आलेले आणि दोघींनाही तोंड मोकळे. मैदानावर यातले एकही नसते. आणि तेथे उद्धार होतो तो ओढ्यापलीकडे उभ्या असलेल्या बाईचा. घरी चुलीपाशी असलेल्या पंचाच्या आईचा नव्हे.

मग उपाय काय? कायदा आहेच. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारणे हा पूर्वीच्या दंडविधानाच्या कलम २९४ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली तो आहे. इंग्लंडात तर फुटबॉल मैदानावरील अश्लील व वर्णद्वेषी घोषणांसाठी १९९१ साली वेगळा कायदा झाला. पण हजार माणसांत कोणाकोणाला पोलीस धरणार?

त्यापेक्षा मला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातील सौंदाळा गाव अधिक जवळचे वाटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील ग्रामसभेने ठराव केला की, आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास पाचशे रुपये दंड. दंडाच्या रकमेपेक्षा मला मोठी वाटते ती ही गोष्ट की, सगळ्या गावाने एकत्र बसून हा प्रश्न मोठ्याने बोलून दाखवला. एरवी आपण सारे ऐकून न ऐकल्यासारखे करतो.

आणखी एक हकीकत सांगते. तुर्कस्तानात इस्तंबूल येथे फेनरबाहचे नावाचा मोठा संघ आहे. २०११ साली त्याच्या समर्थकांनी एका सामन्यात मैदानात घुसून गोंधळ घातला. शिक्षा म्हणून त्या संघाला घरच्या मैदानावर प्रेक्षकांविना खेळावयाचे होते. तेथील फुटबॉल महासंघाने त्याऐवजी ठरवले की, फक्त बायका आणि बारा वर्षांखालील मुले यांना फुकट आत सोडावे. २० सप्टेंबर रोजी एकेचाळीस हजारांवर बायका-मुले आली. पाहुण्या संघाचे स्वागत टाळ्यांनी झाले आणि खेळाडूंनी प्रेक्षकांकडे फुले फेकली. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. पुरुषांना शिक्षा म्हणून बायकांना बोलावणे ही कल्पना मला तितकीशी रुचत नाही. पण एक सिद्ध झाले की, बायका आल्या म्हणून मैदानाचा आवाज कमी होत नाही, त्याचा सूर बदलतो.

भगिनींनो, म्हणून माझे सांगणे उलटे आहे. भाषा वाईट आहे म्हणून मैदान सोडू नका; मैदानात चला. एकटीदुकटीने नव्हे, दहा-बाराजणींनी. चटई घ्या, पाण्याची बाटली घ्या, नातवंडे घ्या. जो माणूस आईसमोर शिवी देत नाही, तो दहा आयांसमोर देताना निदान एकदा तरी अडखळेल. सामन्याच्या संयोजकांना भेटून विनंती करू की, खेळ सुरू होण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांनी आपापल्या समर्थकांना दोन शब्द सांगावेत. खेळाडूचे ऐकतात, आपले ऐकतीलच असे नाही. आणि नुसते "गप्प बसा" म्हणू नका, बोलावयास काहीतरी द्या! झिम्मा-फुगडीत एकमेकींची टर उडवण्यात, विहिणीला चिमटे काढण्यात आपला हात कोण धरणार? मी आणि नातवाने मिळून एक चिडवणी केलीच आहे:

"पंचकाका, पंचकाका, चष्मा कुठे ठेवला?
गोल झाला डोळ्यांपुढे, तुम्हाला नाही दिसला!"

पुढच्या सामन्यात नातवाने ती म्हटली तेव्हा आजूबाजूची पाचसहा पोरे लगेच त्याच्या सुरात ओरडू लागली, आणि पंचांनाही हसू आवरले नाही. त्यात पंचांचा राग होता, थट्टा होती, पण त्यांची आई मात्र आपल्या घरी सुखाने होती.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत झाला. स्पेनने कोलंबियाचा एक गोलाने पराभव केला. जगभरच्या मुली आपल्या दारी येऊन खेळून गेल्या, आणि आपल्या मांजर्लीतली एक मुलगी बुटांना तेल लावून, ते पलंगाखाली ठेवून घरी बसली आहे. ती अजून घरीच आहे. परवा मी पुन्हा तिच्या वडिलांकडे गेले. या वेळी मात्र गप्प बसले नाही. म्हटले, "भाऊ, त्या दिवशी तुमचा आवाज मी ऐकला होता." त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "काकू, तुम्ही कोणी सोबत असाल तर पाठवीन."

येत्या रविवारी चार वाजता मी तिला घेऊन मैदानावर जाणार आहे. माझ्याबरोबर कोण कोण येणार, ती नावे आज चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे द्यावीत. एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवते.