साप चावल्यावर आधी कुठे जायचं?

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



आवणीचे दिवस आहेत. बिळात पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत निघतो. बांधावर येतो, पेंढ्यात शिरतो, सरपणाच्या ढिगाखाली बसतो, कधी घरातही येतो. या सगळ्या ठिकाणी आधी हात कुणाचा जातो? आपलाच. गवत आपण कापतो, चुलीसाठी फाटी आपण ओढतो, अंधारात कोंबड्यांच्या खुराड्यात हात आपण घालतो. म्हणून आज चिंचणीपासून तलासरीपर्यंतच्या सगळ्या गटांशी सापाबद्दल बोलायचं आहे.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि बहुतेक जण खेड्यात, घरीच गेले. ही माणसं दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत. ज्या रोगावर औषध आहे, त्या रोगाने माणूस घरी मरतो, याचा विचार आपण करायला हवा.

आपल्याच डहाणू तालुक्यात आदिवासी पाड्यांवर जाऊन लोकांना सापाबद्दल काय वाटतं, ते काय करतात, असं विचारलं गेलं. तो अभ्यास २०२१ साली छापून आला. त्यात दिसलं, की चिंचोका किंवा लोहचुंबक लावल्याने विष उतरतं असा समज आहे आणि अनेक जण आधी भगताकडे जातात. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं, की आरोग्य खात्यातल्या माणसांनाही सापाच्या उपचाराचं आणखी शिक्षण हवं आहे. म्हणजे कमी एकट्या पाड्यावरच्या माणसात नाही. दोन्हीकडे शिकायचं आहे.

आता कुणी म्हणेल, ताई, आमच्या भगताने तर कितीतरी माणसं वाचवली. खरं आहे, ती माणसं वाचली. पण का वाचली ते समजून घेऊ. आपल्याकडचे पुष्कळ साप बिनविषारी आहेत. धामण चावली, दिवड चावली, तरी माणूस मरत नाही. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असं नाही. अशी माणसं काही न करताही वाचतात. पण विष अंगात गेलेलं असलं, तर मंत्राने किंवा पाल्याने ते उतरत नाही. आणि या वेळी कोणता प्रकार आहे, हे चावल्याबरोबर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दरवेळी दवाखाना.

भगताचा मान ठेवा. त्याला गाडीत बरोबर घ्या. त्याच्या शब्दाने रोगी घाबरायचा थांबत असेल तर चांगलंच आहे. फक्त गाडी दवाखान्याच्या दिशेने चालू राहू दे.

माणसं मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग आणि मण्यार यांच्या विषाने पापण्या जड होतात, बोलता-गिळता येत नाही, शेवटी श्वास बंद पडतो. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने सूज चढते, रक्त गोठत नाही, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येतं. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडही बिघडतं.

यातली मण्यार नीट लक्षात ठेवा. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतं म्हणून उठतो, उलटी करतो, डोळे उघडत नाहीत. घरचे म्हणतात, काहीतरी खाल्लं असेल, नाहीतर बाहेरचं लागलं. पावसाळ्यात असं दिसलं तर मण्यार समजूनच निघा. खाटेवर झोपलं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर हा धोका पुष्कळ कमी होतो. खाट नसेल तरी मच्छरदाणी लावाच.

चावल्यावर काय करायचं? रोग्याला आडवं करा, धीर द्या. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आली की ते रुततात. हात किंवा पाय हलू नये म्हणून फळीचा आधार देऊन सैल बांधा. चालवू नका. गाडी मिळेना तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवा. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा.

काय करायचं नाही? करकचून दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. कुणी आधीच दोरी आवळली असेल तर वाटेत सोडू नका, दवाखान्यात डॉक्टर सोडतील. साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका. त्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो.

दवाखान्यात सापाचं जे इंजेक्शन देतात, ते या चारही सापांवर चालतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ते अंगात फिरणारं विष धरून ठेवतं, पण विषाने आधीच केलेली खराबी ते परत दुरुस्त करू शकत नाही. म्हणून तर घाई. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच इंजेक्शन लागतं, कारण सापाने विष सारखंच सोडलेलं असतं. डॉक्टर रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं ठेवतात, गोठतं का बघतात. विषाची लक्षणं नसली तर इंजेक्शन न देता एक दिवस नजरेखाली ठेवतात. काहीच करत नाहीत म्हणून उठून घरी येऊ नका. ते बघत राहणं हाही उपचारच आहे.

किनाऱ्यावरच्या मैत्रिणींना एक सांगते. जाळ्यात समुद्री साप येतात, तेही विषारी असतात. हे इंजेक्शन त्यांच्यावर चालत नाही, पण श्वास सांभाळायला दवाखाना लागतोच. मासळी निवडताना साप हाताने उचलू नका.

हे इंजेक्शन बनवायला विष लागतं. त्यातलं पुष्कळ विष तामिळनाडूतले इरुळा आदिवासी काढून देतात. साप पकडण्याच्या त्यांच्या पिढीजात विद्येवर त्यांनी १९७८ साली सहकारी संस्था उभी केली. म्हणजे दवाखान्यातल्या त्या बाटलीतही आदिवासींचं ज्ञान आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास यासाठी ठेवा. चिंचणीचं आरोग्य केंद्र, वाणगाव, डहाणू, कासा, तलासरी, यातलं तुमच्या पाड्याला जवळचं कोणतं? तिथे सापाचं इंजेक्शन आहे का, हे आशाताईंना आजच विचारायला सांगा. १०८ यायला वेळ लागला तर रात्री गाडी कुणाची? भाड्याचे पैसे गटातून लगेच कोण देणार? ही नावं आणि नंबर वहीत लिहा, प्रत्येकीच्या घरी भिंतीवर लावा. साप चावल्यावर घरात रडारड असते, तेव्हा विचार सुचत नाही. तो आधीच करून ठेवलेला असला, तर नुसतं निघायचं असतं.

आणि आज रात्री बाहेर पडताना बॅटरी हातात घ्या. राम राम.