पाटी बदलताना काय लिहून घ्यावे?

(कामगार अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आमच्याकडे जो विषय सोपवला आहे तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. एखाद्या संस्थेचा व्याप वाढतो. पूर्वी ती एकच काम करीत असे, आता दहा कामे करू लागते. मग तिचे चालक म्हणतात, जुने नाव तोकडे पडते, नवे नाव घेऊ या. यात कामगाराने लक्ष घालण्याजोगे काय आहे? पाटी मालकाने रंगवावी, आपण आपली ड्यूटी करावी, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते.

आम्हाला तसे वाटत नाही. नाव बदलण्याला आमचा सरसकट विरोधही नाही. परंतु नावाच्या आडून संस्थेची मालकी, तिचे कायदेशीर रूप किंवा तिची विभागणी बदलणार असेल, तर पाटी चढण्यापूर्वी आपल्या नोकरीच्या अटी लेखी स्वरूपात हाती असल्या पाहिजेत, एवढेच आज सांगायचे आहे. त्यासाठी काही घडलेल्या गोष्टी आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एक सरळ उदाहरण घेऊ. १९७६ साली रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत ‘इंडियन रेल्वे कन्स्ट्रक्शन कंपनी’ स्थापन झाली. रेल्वेमार्ग बांधणे हे तिचे काम. पुढे या कंपनीने इराक, मलेशिया अशा देशांत कामे केली, आणि रुळांखेरीज रस्ते, पूल, इमारती यांचीही कामे घेतली. आपल्यातील कित्येकजण डेप्युटेशनवर तिथे जाऊन आले असतील. १९९५ साली या कंपनीने ‘इरकॉन इंटरनॅशनल’ हे नाव घेतले. लोकांच्या तोंडी बसलेले ‘इरकॉन’ कायम ठेवले, ‘रेल्वे’ हा शब्द काढला आणि परदेशातील कामाचा उल्लेख जोडला. येथे काम आधी वाढले आणि नाव मागून आले. अशा बदलाला कोणी हरकत घेण्याचे कारण नाही.

आता दुसरे उदाहरण ब्रिटनचे. टपाल बंधूंनी हे नीट ऐकावे, कारण आपले टपाल खाते ज्या नमुन्यावर उभे राहिले त्याच देशातील ही गोष्ट आहे.

तेथील टपाल संस्थेचे नाव साधे होते : ‘पोस्ट ऑफिस’. तिच्या पोटात तीन ओळखी होत्या. पत्रांसाठी ‘रॉयल मेल’, पार्सलांसाठी ‘पार्सलफोर्स’ आणि काउंटरच्या कामासाठी पुन्हा ‘पोस्ट ऑफिस’. १९९९ साली या संस्थेने ‘जर्मन पार्सल’ ही कंपनी विकत घेतली आणि युरोपातील पार्सल व्यवसायात पाय रोवला. तेव्हा वरिष्ठांना वाटू लागले की ‘पोस्ट’ आणि ‘ऑफिस’ या दोन शब्दांत एवढा पसारा मावत नाही. मार्च २००१ मध्ये सरकारी मालकी कायम ठेवून संस्थेचे रूपांतर कंपनीत झाले आणि तिला ‘कन्सिग्निया’ हे नाव देण्यात आले. माल रवाना करणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ते घडवले होते. या नामकरणाचा खर्च सुमारे १५ लाख पौंड झाला.

पुढे काय झाले? लोकांनी नावाची टिंगल केली. पोस्टमन जी गाडी चालवीत होता तिच्यावर ‘रॉयल मेल’ हेच नाव होते, लोक ज्या खिडकीपुढे रांग लावीत होते तिच्यावर ‘पोस्ट ऑफिस’ हेच होते. मग कन्सिग्निया म्हणजे कोण, हे सामान्य माणसाला उमगेना. तेथील कम्युनिकेशन वर्कर्स युनियनने या नावावर बहिष्कार घातला. आणि त्याच काळात संस्था तोट्यात रुतत होती. २००२ मध्ये व्यवस्थापनाने सुमारे ३० हजार नोकऱ्या कमी करण्याचा इरादा जाहीर केला. त्याच वर्षाच्या जूनमध्ये नाव मागे घेण्याची घोषणा झाली आणि नोव्हेंबरात कंपनी ‘रॉयल मेल ग्रुप’ झाली. जुन्या ओळखीकडे परत येण्यासाठी सुमारे १० लाख पौंडांचा खर्च सांगण्यात आला.

बंधूंनो, यावर हसून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला त्यात वेगळी गोष्ट दिसते. नाव चुकले तर ते दीड वर्षात परत घेता आले, पण गेलेल्या नोकऱ्या परत आल्या नाहीत.

या कहाणीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. २०१२ मध्ये काउंटरचे काम करणारी ‘पोस्ट ऑफिस’ ही कंपनी ‘रॉयल मेल’पासून वेगळी करण्यात आली. २०१३ मध्ये रॉयल मेलचे शेअर बाजारात विकले गेले. २०२२ साली मूळ कंपनीचे नाव पुन्हा बदलले : ‘इंटरनॅशनल डिस्ट्रिब्यूशन्स सर्व्हिसेस’. कारण तेच सांगितले गेले. आमचा व्यवसाय आता नुसत्या ब्रिटिश टपालाचा राहिलेला नाही, जी.एल.एस. ही आमची पार्सल कंपनी अनेक देशांत काम करते, तेव्हा नावात हा विस्तार दिसला पाहिजे. परंतु त्याच सुमारास संचालकांनी असेही सांगितले होते की रॉयल मेलची स्थिती सुधारली नाही, तर दोन व्यवसाय अलग करण्याचा पर्याय खुला आहे. नफ्यातील भाग एकीकडे आणि पत्रे वाटणारा, माणसांवर चालणारा भाग दुसरीकडे, अशी ती रेघ होती. नव्या नावाने ती रेघ आधीच आखून ठेवली.

त्याच वर्षी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात तेथील टपाल कामगारांनी १८ दिवस संप केला. प्रश्न पगाराचा होता आणि कामाच्या पद्धतीचाही होता. २०२५ मध्ये ही कंपनी एका झेक उद्योगपतीच्या समूहाकडे गेली. विक्रीला मान्यता देताना ब्रिटिश सरकारने एक विशेष शेअर आपल्याकडे राखला आणि मुख्यालय किंवा करभरणा देशाबाहेर नेण्यास सरकारची संमती लागेल अशी अट घातली. युनियननेही खरेदीदाराशी आपला स्वतंत्र करार केला. या बोलाचालीत ‘रॉयल मेल’ हे नाव टिकवण्याचेही आश्वासन घेण्यात आले. पहिल्या खेपेस कामगारांनी नावावर बहिष्कार घातला होता, या खेपेस त्यांनी मालकाकडून कागद लिहून घेतला. बावीस-चोवीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना एवढे शिकवले.

कोणी म्हणेल, ब्रिटनचे राहू द्या, आपल्याकडचे बोला. बोलतो.

१९८५ पर्यंत टपाल आणि तार हे एकच खाते होते, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या वर्षी टपाल आणि दूरसंचार अशी दोन खाती झाली. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचाराचे सेवा देण्याचे काम ‘भारत संचार निगम’ या कंपनीकडे गेले. पाटी बदलली, लेटरहेड बदलले, आणि कालपर्यंत केंद्र सरकारचे कर्मचारी असलेले लाखो लोक कंपनीच्या दारात उभे राहिले. त्यांचा पहिला प्रश्न होता : आमच्या पेन्शनचे काय? त्यासाठी सप्टेंबर २००० मध्ये, म्हणजे पाटी चढण्याच्या आधी, दूरसंचार कामगारांच्या महासंघांनी संप केला. त्यातून जे मिळाले ते निव्वळ तोंडी आश्वासन राहिले नाही. महिनाअखेरीस पेन्शन नियमांत ३७-अ हा नियम घालण्यात आला. खात्यातून निगमात गेलेल्या कर्मचाऱ्यांची पेन्शन सरकार देईल, आणि खात्यातील व निगमातील सेवा एकत्र धरली जाईल, असे त्यात आले.

या एका नियमाची किंमत वीस वर्षांनी कळली. जानेवारी २०२० अखेर निगमातील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. त्यांतील खात्यातून आलेल्यांच्या पाठीशी सरकारी पेन्शन उभी होती. उलट निगमाने स्वतः भरती केलेल्या तरुणांना ही पेन्शन लागू नाही, त्यांचा आधार प्रॉव्हिडंट फंडाचा. एकाच टेबलावर, एकाच नावाखाली काम करणाऱ्या दोघांच्या म्हातारपणात एवढे अंतर पडले. तेव्हा आपण जे लिहून घेतो ते आजच्या माणसांपुरतेच असावे की उद्या येणाऱ्यांसाठीही, याचा विचार त्याच वेळी झाला पाहिजे.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. ‘विदेश संचार निगम’ हीसुद्धा आपल्याच कुळातली. सरकारी खात्यातून १९८६ साली ती कंपनी झाली, २००२ मध्ये तिचे नियंत्रण टाटा समूहाकडे गेले आणि २००८ मध्ये ती ‘टाटा कम्युनिकेशन्स’ झाली. विक्रीच्या वेळी ठरले होते की कंपनीकडील जादा जमीन वेगळी काढायची. ही जमीन सुमारे ७७३ एकर, आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक पुण्यालगत दिघीला. नवे नाव एका दिवसात लागले. जमीन वेगळी होऊन सरकारी कंपनीकडे जायला २०१९ साल उजाडले. पाटी रंगवायला वेळ लागत नाही, हिशेब मिटवायला लागतो.

आता संस्थेच्या नावावरून आपल्या स्वतःच्या नावाकडे येऊ. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेतील ‘गार्ड’ या पदाचे नाव ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. ही गार्ड बंधूंचीच जुनी मागणी होती. गार्ड म्हटले की लोकांना सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी आठवतो, ही त्यांची खंत रास्त होती. सन्मान मिळाला, चांगले झाले. परंतु त्याच आदेशात म्हटले होते की पे लेव्हल, भरतीची पद्धत, कर्तव्ये, सिनिऑरिटी आणि बढतीचे मार्ग पूर्वीप्रमाणेच राहतील. २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात स्टेशनवरच्या कुलीला ‘सहायक’ म्हणायचे ठरले. आजही तो ओझ्याच्या फेऱ्यांवरच पोट भरतो.

टपालातील उदाहरण याहून बोचरे आहे. खेड्यात टपाल वाटणाऱ्यांना पूर्वी ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत. आपल्या बोलण्यात ते ‘ईडी’. २००१ च्या नियमांनी त्यांना ‘ग्रामीण डाक सेवक’ केले. ‘एक्स्ट्रा’ हा अपमानकारक शब्द गेला. पण आज देशभर सुमारे अडीच लाख असलेल्या या बंधुभगिनींना जे दरमहा मिळते त्याला कागदोपत्री पगार म्हणत नाहीत, भत्ता म्हणतात. खात्याच्या नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा आणि त्याची पेन्शन त्यांच्यापासून दूरच राहिली. वास्तविक सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच म्हटले होते की ही नागरी पदेच आहेत. माणसाला चांगल्या नावाने हाक मारली याचा आनंद आहेच, परंतु त्या नावाने रेशन भरता येत नाही.

टपाल खात्यातील सेवांचा विस्तार हा आजचा विषय आहे. पोस्ट पेमेंट्स बँक २०१८ मध्ये देशभर सुरू झाली. आधारची कामे आली, २०१७ पासून काही टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे आली. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा टपाल कायदा जून २०२४ पासून लागू झाला. उद्या कोणी म्हणाले की ‘पोस्ट’ हे नाव एवढ्या सेवांना पुरत नाही, तर आपण त्यांना इतिहास दाखवावा. मनीऑर्डर १८८० सालची, बचत बँक १८८२ ची, टपाल आयुर्विमा १८८४ चा. म्हणजे पैसे पाठवणे, ठेवी घेणे आणि विमा उतरवणे ही सगळी कामे ‘पोस्ट’ या एका शब्दात जवळजवळ दीडशे वर्षे मावली आहेत. म्हातारी बाई पोस्टात पैसे ठेवते ती नाव आधुनिक आहे म्हणून नव्हे. समोरच्या माणसावर आणि त्याच्या मागच्या सरकारवर तिचा भरवसा असतो. नवे नाव तिला समजावून सांगण्याचे काम शेवटी काउंटरवरच्या आणि दारावर जाणाऱ्या माणसालाच करावे लागेल.

म्हणून रेल्वेत असो वा टपालात, नाव बदलण्याचा प्रस्ताव आला की आपल्या शाखेने चार प्रश्न लेखी विचारावेत.

पहिला : नावाबरोबर मालकी किंवा कायदेशीर रूप बदलणार आहे काय? खात्याची कंपनी होणार, की कंपनीचे दोन तुकडे होणार?

दुसरा : सर्व्हिस बुक, सिनिऑरिटी, पेन्शन किंवा प्रॉव्हिडंट फंड आणि बदलीचे नियम जसेच्या तसे पुढे चालतील असा आदेश कोणत्या क्रमांकाने, कोणत्या तारखेस निघणार? आणि नव्या भरतीचे काय?

तिसरा : ज्या वाढीव सेवांसाठी नाव बदलत आहात त्या करणार कोण? त्यांसाठी पदे मंजूर होणार, की आहे त्याच माणसाच्या खांद्यावर आणखी एक झोळी येणार?

चौथा : दूरच्या खेड्यातील, तोट्यातील सेवा चालू राहील याची हमी कोण देणार? जी सेवा बंद पडते तिच्याबरोबर ती देणारी पदेही जातात, हे विसरू नये.

या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तर नव्या पाटीला हार घालायला आपणही खुशाल जावे. उत्तरे तोंडी आली, तर ती लिहून मागावीत. आणि उत्तरेच आली नाहीत, तर दूरसंचारच्या बंधूंनी सप्टेंबर २००० मध्ये काय केले ते आठवावे. त्यांनी पाटी चढण्याची वाट पाहिली नव्हती.

आपले सभासद आज हुबळीत आहेत, इंदूरला आहेत, इटारसीला, बडोद्याला, सिकंदराबादला आहेत. प्रत्येक ठिकाणी आदेश वेगळ्या भाषेत येतो, पण सर्व्हिस बुकातील नोंद सगळ्यांची सारखीच असते. आजपासून प्रत्येक शाखेने एक काम करावे. ज्या सभासदाच्या पदाचे किंवा कार्यालयाचे नाव बदलले आहे, त्याच्या सर्व्हिस बुकात जुने नाव, नवे नाव आणि आदेशाची तारीख यांची नोंद झाली आहे की नाही, ते तपासून पाहावे. काम कंटाळवाणे आहे हे खरे. परंतु निवृत्तीच्या दिवशी हिशेबाच्या टेबलावर हीच नोंद आपल्या बाजूने बोलते.

चर्चेत आपापल्या कार्यालयातील अनुभव अवश्य मांडावेत, अशी विनंती करून येथेच थांबतो.