तानुबाईंचा 'दीनबंधू' आणि आपला सातबारा
(उदगीर येथील बैठकीतील भाषण)



भाव, वीज, कर्ज यांवर सकाळपासून बोलणे झाले. आता आम्ही एका बाईची हकीकत सांगतो. तीही आपल्याच हिशेबातली आहे.

१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' पत्र काढले. शेतकरी-कामकऱ्यांचे दुःख छापणारे हे सत्यशोधकांचे पत्र. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवले. १८९७ साली लोखंडे वारले. मग वासुदेवराव बिर्जे यांनी बडोद्याची नोकरी सोडून पत्र हाती घेतले. १९०६ साली तेही गेले. मागे पत्नी तानुबाई, वय अवघे तीस. विधवेने माजघराबाहेर यायचे नाही, असा तो काळ. तानुबाई संपादकाच्या जागी बसल्या आणि १९१२ पर्यंत त्यांनी पत्र चालवले.

हे कसे जमले? वडील देवराव ठोसर सत्यशोधक. त्यांनी मुलीला शिकवले, १८९३ साली तिचे लग्नही सत्यशोधक पद्धतीने लावले. नवरा गेला तेव्हा लेखणी तिच्या हाताला परकी नव्हती.

आता आपल्या घरात बघा. चाड्यावर मूठ कोण धरते? खुरपण कोणाचे? कापूस वेचून कोणाची बोटे फाटतात? आम्ही शेतीची पदवी घेतली, बी-खताची मात्रा पाठ केली. पण उत्पादन खर्च मांडताना घरच्या बाईची मजुरी कित्येक वर्षे आम्हीच धरली नाही. ही चूक आमची. मजुरी धरली नाही तर ज्वारीचा भाव तरी खरा कसा निघेल?

आणि घरधनी अचानक गेला, तर त्याच बाईला फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. नावावर जमीन नाही, म्हणून सोसायटीचे पीककर्जही नाही.

१९८६ साली चांदवडला हजारो शेतकरी बाया जमल्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची हाक निघाली : घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा. कित्येकांनी केली. बाकीच्यांचे काय?

'दीनबंधू' तानुबाईंच्या हाती टिकला. शेतही बाईच्याच हाताने टिकते आहे. मग कागदावर तिचे नाव का नको? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने सातबाऱ्याचा उतारा आणावा. कोणाकोणाची नावे आहेत, सगळ्यांसमोर वाचू. सुरुवात आमच्या उताऱ्यापासून.