वरून सुटलेला हातोडा आणि तुमचे तीन सेकंद

आजचा एपिसोड छोटा आहे. चालता चालता ऐकत असाल, तर आधी एकदा वर बघून घ्या.

समजा, बांधकाम चालू असलेल्या टॉवरच्या पंधराव्या मजल्यावर, म्हणजे साधारण ४५ मीटरवर, परांचीवरच्या कामगाराच्या हातून एक किलोचा हातोडा सुटला. तो तीन सेकंदांत खाली येतो. वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर! वरचा माणूस "बाजूला व्हा!" म्हणेपर्यंत एक सेकंद गेला. कानात इयरफोन असतील, तर उरलेले दोनही गेले.

"हेल्मेट असतं ना?" असतं, आणि घालायलाच हवं. पण युरोपच्या ईएन ३९७ मानकात हेल्मेटवर ५ किलोचं वजन १ मीटरवरून टाकून चाचणी घेतात. ती ऊर्जा सुमारे ४९ ज्यूल. आपल्या हातोड्याची ४४०, म्हणजे नऊपट. आमच्या कोडिंगच्या भाषेत, हेल्मेट हा शेवटचा एरर-हँडलर. बग वरच दुरुस्त करावा लागतो.

म्हणजे काय करायचं? हत्याराला दोरी बांधायची. हत्यार जड असेल तर दोरी मनगटाला नाही, भक्कम आधाराला. परांचीच्या कडेला उभी फळी, म्हणजे टो-बोर्ड, लावायची, की पाय लागून वीट खाली जात नाही. फळीपेक्षा उंच सामान रचलं असेल तर जाळी हवीच. सुटे नट-बोल्ट पिशवीत. आणि क्रेन माल उचलत असताना खाली कुणीही थांबायचं नाही, मुकादमसुद्धा नाही.

उडणाऱ्या वस्तूंचंही तसंच. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारत असेल, तर डिस्कच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटर होतो. डिस्क फुटली की तुकडे त्याच वेगाने सुटतात. "गार्ड मध्ये येतो" म्हणून तो काढून ठेवतात ना, तिथेच डोळे जातात. गार्ड हवा, चष्मा हवा आणि डिस्कवर लिहिलेली आरपीएम मर्यादा मशीनच्या वेगापेक्षा कमी नको.

हा फक्त कामगारांचा प्रश्न नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये वरळीत बांधकामाच्या इमारतीवरून सिमेंटचा ब्लॉक पडला आणि खाली असलेल्या दोघांचा जीव गेला.

तुमचा भाऊ, मित्र साइटवर असेल, तर आज एवढंच विचारा, "तुमच्याकडे हत्यारं बांधतात का रे?" आणि टॉवरखालून जाताना इयरफोन काढा. हो, माझा एपिसोड चालू असला तरी!

भेटूया पुढच्या वेळी. काळजी घ्या.