लिहिण्याचा संकोच आणि पहिला वाचक

लिहिता येत असूनही न लिहिणारे नेहमीच अधिक असतात. पत्र, अर्ज, हिशेब बिनदिक्कत लिहिणारा माणूस आपले लिखाण चारचौघांपुढे ठेवायची वेळ आली की मागे सरतो. कारणे ठरलेली असतात: भाषा शुद्ध नाही, सांगण्यासारखे काही घडलेले नाही, घरचे आणि कचेरीतले काय म्हणतील, आणि मुळात वाचणार कोण. मराठी गद्याच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांत ही कारणे वारंवार भेटतात. त्यांवर काढलेल्या तोडीही भेटतात आणि त्या बहुतेक वेळा अगदी व्यवहारी आहेत. धाडस अंगी बाणल्यावर लिहायला बसलेला लेखक क्वचितच आढळतो. बहुतेकांनी संकोच असतानाच लिहिले, फक्त त्याच्याभोवती काही ना काही व्यवस्था लावून घेतली.

यातली सर्वांत जुनी व्यवस्था टोपणनावाची. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि त्यांना जे म्हणायचे होते ते स्वतःच्या समाजाला झोंबणारे होते. 1848 च्या मार्चपासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांची पत्रे येऊ लागली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस. पत्रांची संख्या शंभराच्या वर गेली. येथे नावाइतकाच पत्राचा आकारही महत्त्वाचा ठरला. ग्रंथ लिहायचा म्हटले असते तर तयारीतच वर्षे गेली असती. पत्र एका विषयाचे, एका बैठकीचे, आणि मागचे फसले तरी पुढच्या आठवड्यात दुसरे. पुढे 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने निघाला आणि ही बाई कोण, की बाईच्या नावामागे पुरुष आहे, यावरच गदारोळ माजला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या गदारोळातही लिहीत राहिल्या. दया पवारांनी 1978 च्या ‘बलुतं’मध्ये आणखी निराळी सोय केली. पुस्तकावर नाव त्यांचेच, पण आत दगडू मारुती पवार हा जणू दुसराच माणूस आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दगडू हे त्यांचे स्वतःचेच नाव. तोंडाने सांगता येत नाही ते असे दोन माणसांत वाटून घेतले की सांगता येते.

विष्णुभट गोडसे यांची तोड सर्वांत टोकाची. पेणजवळच्या वरसई गावचे हे गरीब भिक्षुक. डोक्यावर कर्ज होते, म्हणून ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने 1857 मध्ये ते काकांबरोबर उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा आणि त्यानंतरची कत्तल त्यांनी शहरात राहून पाहिली. लुटले गेले, पायी भटकले, आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. हे सारे कागदावर उतरायला सुमारे पंचवीस वर्षे लागली, आणि तेही चिंतामण विनायक वैद्य यांच्या घरच्या आग्रहामुळे. सरकारची भीती खरी होती. म्हणून आपल्या मृत्यूनंतरच छापावे अशी अट त्यांनी घातली. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये प्रसिद्ध केले. अटीने भीतीचा प्रश्न सुटला, तसा विषयाच्या मोठेपणाचा प्रश्नही लेखकाने सहज सोडवला. बंडाचा इतिहास लिहायला ते बसलेच नाहीत. परगावाहून आलेला माणूस ओटीवर बसून जशी हकिकत सांगतो तशी त्यांनी ती सांगितली: कुठे मुक्काम, काय खाल्ले, कोणी आसरा दिला. इतिहासकारांना ती उपयोगी पडते ती याच तपशिलांमुळे.

भाषेच्या शुद्धतेची भीतीही याच पुस्तकाच्या आधारे तपासता येते. गोडसे यांनी मोडीत लिहिले होते. वैद्यांनी छापताना त्यात बरेच फेरफार केले, काही वगळले. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून संहिता प्रसिद्ध केली ती 1966 मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मूळ, खडबडीत संहिताच अधिक जिवंत वाटते. शुद्धलेखन दुसरा कोणीही तपासून देऊ शकतो. बोलण्याची ढब मात्र ज्याची त्यालाच द्यावी लागते.

‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र त्याचा आणखी चांगला दाखला. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पतीचे, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांचे, चरित्र लिहिण्यासाठी मुलगा देवदत्त यांना आठवणी हव्या होत्या, हे या लेखनाचे निमित्त. 1934 ते 1936 या काळात चार भाग निघाले. वडिलांचे सोवळे, रुसवे-फुगवे, हातात पैसा न टिकणारा नवरा, असा हा ऐवज; ज्याला कोणीही ‘यात काय सांगायचे’ असे म्हणून बाजूला सारावे असा. लक्ष्मीबाईंनी तो बोलीत, स्वतःचीही चेष्टा करत लिहिला. ग्रांथिक मराठी त्यांनी मुद्दाम टाळली असे म्हणण्यापेक्षा ती त्यांच्या हाताशी नव्हतीच, आणि ते मराठीचे भाग्य. लक्ष्मण माने यांच्या 1980 च्या ‘उपरा’ या आत्मकथनात तर कैकाडी बोलीतले शब्द आहेत, तरी त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

वाचणार कोण, या प्रश्नाला वरच्या बहुतेक उदाहरणांत एकच उत्तर दिसते: आधी कोणीतरी एक जण. गोडसे यांना वैद्यांचे घर, लक्ष्मीबाईंना मुलगा. बेबीताई कांबळे यांना तोही नव्हता. फलटणमध्ये छोटे दुकान चालवताना पुड्या बांधायच्या रद्दीतून त्या वाचत गेल्या आणि मिळेल त्या वेळात लिहीत गेल्या. ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. फलटणमध्येच राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या हाती ते पडले आणि त्यांच्या प्रोत्साहनाने प्रसिद्धीची वाट मिळाली. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले 1986 मध्ये. वीस वर्षांच्या लपवाछपवीला पुरून उरेल असा हा एक वाचक. असा माणूस शोधणे हे लेखनाच्या तयारीतले पहिले काम मानायला हरकत नाही. विषय, शीर्षक, टोपणनाव हे सारे नंतरचे.

टीकेची भीती खोटी आहे असे मात्र सांगता येत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापून घेतली. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली होती, त्यावरून वृत्तपत्रांत स्त्रियांवर चाललेल्या आगपाखडीला हे उत्तर होते. निर्भीडपणात त्याची बरोबरी करणारे गद्य त्या काळात थोडे. पुस्तकाची हेटाळणी झाली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. लोकहितवादींना दर आठवड्याला जागा देणारा संपादक होता. ताराबाईंमागे असे कोणतेही पत्र उभे नव्हते. उणीव होती ती एवढीच. पुस्तक विस्मरणात गेले. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले, आणि तेव्हापासून ते वाचले जात आहे.