कर्जाची वही आम्हालाही दाखवा

(वढू बुद्रुक इथे महासंघाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी हजेरी चालू असताना मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, "आज काय, बँकेवर बोलणार म्हणे. कोणत्या बँकेवर, डीसीसीच्या का?" नाही हो ताई. आज ज्या बँकांबद्दल बोलायचं आहे त्यांची शाखा ना शिरूरला आहे ना दौंडला. पण त्यांच्या पैशांचं काम मात्र आपल्या दारात येऊन उभं राहतं. रस्ता होतो, शेतमालाचा प्रकल्प येतो, नदीसाठी योजना येते. फलकावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'जागतिक बँक अर्थसहाय्यित' किंवा 'आशियाई विकास बँक सहाय्यित'. आपण तेवढी ओळ सोडून देतो.

मीही सोडूनच देत होते. एकदा एका कामाची माहिती विचारायला एका कार्यालयात गेले. कोणतं कार्यालय ते राहू द्या. टेबलामागचे साहेब म्हणाले, "ताई, हे फॉरेनच्या पैशाचं काम आहे. त्याचे कागद आमच्याकडे नसतात आणि तुम्हाला ते कळणारही नाहीत." मी गुमान परत आले. एसटीत बसल्यावर राग आला. कागद कळणार नाहीत, हे न दाखवताच कसं ठरवलं? आणि काम इथं, ठेकेदार इथला, तर कागद तेवढे परदेशात कसे?

तर आज एवढंच सांगायला आले आहे की ते कागद असतात. ते मागता येतात. कुणाकडे मागायचे, हे माहीत पाहिजे.

आधी ही बँक म्हणजे काय ते बघू. आपल्या गटात प्रत्येकीची बचत असते, त्या भांडवलातून अंतर्गत कर्ज देतो, आणि कुणालाही वही बघायची असेल तर अध्यक्षांनी ती दाखवायची असते. जागतिक बँकही सभासदांचीच आहे, फक्त तिथले सभासद म्हणजे देश. 1944 साली 44 देश एकत्र बसले आणि ती ठरली. तेव्हा भारत त्यात होता. आज 189 देश सभासद आहेत. म्हणजे आपण तिथे हात पसरून आलेले पाहुणे नाही, सभासद आहोत. दुसरी गोष्ट म्हणजे हे बहुतेक पैसे कर्ज असतात. कर्ज सरकार घेतं आणि फेडतंही सरकारच. सरकार फेडतं ते तुमच्या-माझ्या काडेपेटीवर, साबणावर लागलेल्या करातून. मग वही बघायला मागितली तर त्यात उद्धटपणा कसला?

पण ही वही आपोआप उघडी झालेली नाही, मैत्रिणींनो. ती उघडण्यात आपल्या महाराष्ट्रातल्या माणसांचा मोठा हात आहे, आणि हे फार कुणी सांगत नाही.

अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठावर मणिबेली नावाचं आदिवासी गाव होतं. आज तो नंदुरबार जिल्हा, तेव्हा धुळे होता. सरदार सरोवराच्या बुडितात येणारं महाराष्ट्रातलं ते पहिलं गाव. त्या धरणासाठी जागतिक बँकेनं 1985 साली 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. काठावरच्या लोकांचे प्रश्न साधे होते. पाणी कुठवर येणार? कुणाचं घर जाणार? जमीन कुठं देणार, किती देणार? धुळे जिल्ह्यातल्या या गावांतून मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी सुरुवातीला हीच माहिती मागत होते. गावोगावी बैठका, अर्ज, निवेदनं, सगळं झालं. धड उत्तरं मिळाली नाहीत, तेव्हा 1988 साली त्यांनी धरणालाच विरोध जाहीर केला. म्हणजे लोक पहिल्या दिवसापासून 'नको' म्हणत नव्हते, ते आधी 'सांगा' म्हणत होते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढे एवढा गाजावाजा झाला की बँकेला स्वतःच्याच कामाची चौकशी बाहेरच्या माणसांकडून करून घ्यावी लागली. ब्रॅडफोर्ड मोर्स त्या समितीचे प्रमुख होते. जून 1992 मध्ये अहवाल आला. पुनर्वसनाची आणि पर्यावरणाची तयारी नीट न करताच प्रकल्प पुढे रेटला गेला, असं त्यात म्हटलं होतं. मार्च 1993 मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवलं. धरण थांबलं नाही, ते पुढे सरकारच्या पैशातून झालं, आणि मणिबेलीच्या लोकांचं गेलं ते गेलंच. पण त्याच वर्षी, 1993 मध्ये, बँकेनं दोन गोष्टी केल्या. लोकांची तक्रार ऐकायला 'इन्स्पेक्शन पॅनेल' नावाचं स्वतंत्र तपासणी मंडळ नेमलं, आणि माहिती खुली करण्याचं नवं धोरण ठरवलं. 2010 मध्ये ते धोरण पुन्हा बदललं. यादीत असेल तेवढंच दाखवू, असं पूर्वी होतं. आता काही ठरावीक अपवाद सोडून सगळं दाखवू, असं झालं. ते करताना भारताच्या माहिती अधिकार कायद्याचा आणि अमेरिकेच्या तशाच कायद्याचा आधार घेतला, असं बँकेनंच सांगितलं.

मुंबईचंही एक उदाहरण आहे. लोकल आणि रस्त्यांच्या मोठ्या प्रकल्पासाठी जागतिक बँकेनं 2002 मध्ये कर्ज दिलं. लाखावर माणसं हलवायची होती. रस्त्याकडेच्या छोट्या दुकानदारांनी 2004 मध्ये त्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली की आमचा धंदा मोडतोय आणि आम्हाला नीट विचारलेलं नाही, सांगितलेलं नाही. चौकशी झाली. मार्च 2006 मध्ये बँकेनं त्या भागाचे पैसे रोखून धरले आणि सुधारणा ठरल्यावर जूनमध्ये सोडले. विचार करा, कुर्ल्यातल्या दुकानदारांच्या अर्जानं मोठ्या कर्जाचा हप्ता अडला! पण अर्ज करायला हातात कागद होते म्हणून. नुसतं "आमच्यावर अन्याय झाला" असं म्हणून कुठलंच मंडळ हलत नाही. "तुम्ही अमुक पानावर अमुक लिहून दिलं होतं" असं म्हटलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं.

आता आपल्याकडे या.

आपल्या ओळखीचे प्रकल्प सांगते. शेतमालाचा 'स्मार्ट' प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जाचा आहे, 21 कोटी डॉलरचा. त्यात शेतकरी कंपन्यांबरोबर महिला बचत गटांचे संघही अर्ज करू शकतात असं धरलेलं आहे, म्हणजे तो थेट आपलाच विषय. खेड्यातले रस्ते बारमाही करण्यासाठी आशियाई विकास बँकेनं 2019 मध्ये 20 कोटी डॉलर दिले. त्यात राज्याच्या 34 जिल्ह्यांतले 2,100 किलोमीटर रस्ते होते. तुमच्या गावचा रस्ता त्यात आहे की राज्याच्या पैशाचा आहे, ते फलकावरूनच कळेल. म्हणून फलक वाचायचा.

आणि आपल्याला सगळ्यात जवळचा प्रश्न नदीचा. भीमाकाठच्या बायकांना पाण्याबद्दल मी काय सांगावं! पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे दौंडकडे जातं. ती नदी साफ करायला जानेवारी 2016 मध्ये जपानच्या 'जायका' या संस्थेशी करार झाला. जायका ही बँक नाही, जपान सरकारची संस्था आहे, पण कर्ज देते. प्रकल्प 990 कोटी रुपयांचा, त्यात सांडपाणी शुद्ध करणारी 11 केंद्रं, रोज 39 कोटी 60 लाख लिटर शुद्ध करण्याची ताकद. व्याज किती, ऐका. वर्षाला शेकडा 30 पैसे! आपण गटात महिन्याला शेकडा दोन रुपये घेतो. मुदत 40 वर्षं. एवढ्या स्वस्त कर्जाचं काम जानेवारी 2022 ला पुरं व्हायचं ठरलं होतं, ते त्या मुदतीत झालं नाही. आपल्या गटात हप्ता थकला तर आपण त्या बाईला सभेत उभं करून विचारतो. इथे कोण कुणाला विचारणार? खालच्या गावांनी विचारायला काय हरकत आहे?

विचारायचं कसं, ते आता जरा सावकाश सांगते, वहीत लिहून घ्या.

दारं दोन आहेत. पहिलं दार आपल्या सरकारी कार्यालयाचं, म्हणजे माहिती अधिकाराचं. 12 ऑक्टोबर 2005 पासून हा कायदा लागू आहे, आणि आपल्या राज्याचा कायदा त्याच्याही आधीचा. काम करणारं कार्यालय जे असेल, रस्त्याचं, शेतीचं किंवा महापालिका, त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज करायचा. मराठीत चालतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही नाही, फक्त दाखला जोडायचा. कशासाठी हवं, हे सांगायचं बंधन नाही. एका अर्जात एकच विषय, आणि दीडशे शब्दांच्या आत. असं लिहा:

"अमुक गाव ते अमुक गाव रस्त्याच्या कामाबाबत पुढील कागदांच्या प्रती मिळाव्यात. 1) मंजूर अंदाजपत्रक. 2) ठेकेदाराशी झालेला करारनामा, देखभालीच्या अटींसह. 3) आजपर्यंत दिलेल्या बिलांची यादी व मोजमाप पुस्तकाच्या प्रती. 4) कर्ज देणाऱ्या बँकेला या कामाबद्दल पाठवलेले प्रगती अहवाल."

चौथा मुद्दा विसरू नका. "रस्ता खराब का झाला?" असं मात्र लिहू नका. तो प्रश्न झाला, कागद नव्हे. अधिकारी तेवढंच धरून अर्ज फेटाळतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला परत पाठवायचं नसतं. माझ्या त्या एसटीच्या दिवशी मला हे माहीत असतं तर!

दुसरं दार बँकेचं. इथे अर्जाच्या आधी मोबाइल काढा, किंवा कॉलेजातल्या लेकीला बसवा. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचं स्वतंत्र पान असतं, त्याला इंग्रजी 'पी' अक्षर आणि पुढे सहा आकडे असा क्रमांक असतो. कागदांची नावं इंग्रजीत आहेत, ती जशीच्या तशी सांगते. 'प्रोजेक्ट अप्रेझल डॉक्युमेंट' म्हणजे प्रकल्प कशासाठी, कुणासाठी, किती पैशांत, बायकांसाठी काय, हे सगळं. 'लोन अ‍ॅग्रीमेंट' म्हणजे करार. 'इम्प्लिमेंटेशन स्टेटस अँड रिझल्ट्स रिपोर्ट' म्हणजे काम कुठवर आलं त्याची बँकेनं केलेली नोंद. आणि ज्या प्रकल्पांची तयारी 1 ऑक्टोबर 2018 नंतर सुरू झाली, त्यांना 'स्टेकहोल्डर एंगेजमेंट प्लॅन' असतो. लोकांना कधी, कसं, कोणत्या भाषेत सांगायचं आणि तक्रार कुठे घ्यायची, ते सरकारनं त्यात लिहून दिलेलं असतं. मला विचाराल तर पहिल्यांदा हाच वाचा. तो कागद आपल्याचसाठी लिहिलेला असतो आणि आपल्यालाच माहीत नसतो.

पानावर नसलेला कागद लेखी मागता येतो. इंग्रजीत लिहिलेलं बरं, चार ओळी पुरतात: प्रकल्पाचं नाव, क्रमांक, कोणता कागद, कोणत्या काळातला. पाच कामाच्या दिवसांत पोच आणि साधारण वीस कामाच्या दिवसांत उत्तर, असं बँकेचं धोरण सांगतं. नकार आला तर साठ दिवसांत अपील. आशियाई विकास बँकेचंही असंच धोरण आहे, 1 जानेवारी 2019 पासूनचं.

पण सगळंच मिळेल असं समजू नका. कुणाची खाजगी माहिती, अधिकाऱ्यांचा आपसातला विचारविनिमय, सरकारनं विश्वासानं दिलेली गोपनीय माहिती हे बँक देत नाही. आणि ठेकेदाराचं बिल, खडी किती इंच पडली, हे बँकेच्या पानावर सापडायचं नाही. ते पहिल्या दारातच. म्हणून दोन्ही दारं लागतात. बँकेच्या कागदात वचन असतं, कार्यालयाच्या कागदात हिशोब असतो. दोन्ही शेजारी ठेवले की फरक दिसतो.

एक सावधगिरी सांगते. अर्ज एकटीनं करू नका. गावात ठेकेदार ओळखीचा असतो, कुणाच्या दिराचा मित्र असतो, संध्याकाळी घरी निरोप येतो. माहिती अधिकाराचा अर्ज व्यक्तीच्याच नावानं करावा लागतो, हे खरं. पण एकाच मजकुराचे पाच गावांतून पाच जणींचे अर्ज गेले तर निरोप कुणाकुणाच्या घरी धाडणार? जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तर तक्रारच किमान दोघींनी मिळून करायची असते, आणि नावं गुप्त ठेवा म्हटलं तर ठेवतात.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या एका फलकाचा फोटो आणायचा आहे. ज्यात 'बँक' किंवा 'जायका' असा शब्द आहे, असाच. अक्षरं वाचता येतील असा काढा, मागच्या वेळी दोघींच्या फोटोत फलकापेक्षा शेळ्याच जास्त होत्या. रांजणगाव सांडसच्या बाजूच्या ताईंनी नदीच्या अर्जाचा कच्चा मजकूर लिहून आणायचा, महापालिकेच्या नावानं. कोर्ट फी स्टॅम्प मी शिरूरहून घेऊन येते.